तिसऱ्या वळणावरचा टायर

“रविना, ह्या टायरमधलं पाणी आजच्या आज उलथी टाक, माय. तुन्ही पोर दिवसभर अठेच खेळस.”

घरोघरी फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई दगूबाई असं म्हणाल्या तेव्हा आषाढ नुकताच लागला होता. त्यांच्या खांद्याला औषधांची पिशवी होती आणि पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. रविना चुलीपुढे बसून भाकरी भाजत होती. ती हसली.

“ताई, आठ दिवसमा शर्यत शे. निशाना बाप टायरले हात लाऊ देत नही. आन पोरगी रडी. तिन्या मासोळ्या शेत त्यामा.”

“मासोळ्या नहीत त्या. डासेसनी पिलं शेत.”

“मंग डास काय आजना शेत का?” असं म्हणून रविनाने भाकरी उलटली.

दगूबाई पुढच्या घरी गेल्या. मित्रांनो, ते पाणी ज्याच्या पोटात साचलं होतं तो टायर म्हणजे मी. धानोऱ्याच्या बाहेर मोटारसायकलींच्या शर्यतीचा एक मातीचा ट्रॅक आहे. त्याच्या तिसऱ्या वळणावर मी उभा असतो. समोर हाकेच्या अंतरावर राखणदाराची खोली आहे, त्यामुळे त्या घरातलं सगळं बोलणं माझ्या कानावर पडतं. त्या दिवशीचंही पडलं. मला बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो, हे तुम्हाला माझी गोष्ट ऐकल्यावर कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेल्या लोखंडी साच्यात मला दाबून धरलं आणि बाहेर काढलं तेव्हा माझ्या अंगावर खोल, सुबक नक्षी उमटलेली होती. नव्या टायरला त्या नक्षीचा फार अभिमान असतो. मला वाटायचं, ही कधी झिजणारच नाही.

माझी पहिली नोकरी मिरचीच्या ट्रकवर होती. हंगामात शेतांतून ओली लाल मिरची भरायची आणि नंदुरबारच्या पथारींवर नेऊन ओतायची. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. नजर जाईल तिथवर जमीन लाल. मिरची पसरणाऱ्या बायका नाकाला पदर बांधून काम करायच्या आणि तरी शिंकायच्या. आमचे ड्रायव्हर सुपडू अण्णा रोज सकाळी लोखंडी पहारीने मला एक ठोका मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज भरीव आला की म्हणायचे, “चाल राजा.” एवढ्या दोन शब्दांवर मी दिवसभर पळायचो.

पण रस्ता कुणालाच सोडत नाही. नक्षी झिजली. हायवेलगत वाहिदभाईंचं टायरचं दुकान आहे. त्यांनी मला एकदा नवं रबर चढवून दिलं, कितीदा तरी ठिगळं लावली. शेवटी एके दिवशी त्यांनी माझ्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, “सुपडूभाऊ, हाऊ टायर आते तुन्हा डोकासारखा व्हई गया. यावर परत केस उगनार नहीत.”

सुपडू अण्णांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि नवा टायर बसवून घेतला. जाताना त्यांनी मला पहारीचा ठोका मारला नाही. त्याचं मला वाईट वाटलं.

पुढे बराच काळ मी त्या दुकानामागे बाभळीखाली पडून होतो. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. मला वाटलं, संपलं आपलं. आणि मग उमाकांतभाऊ आले.

उमाकांतभाऊंचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, पण जीव सगळा मोटारसायकलीत. धानोऱ्याबाहेरच्या आपल्या पडीक जमिनीवर त्यांनी मातीचे उंचवटे घातले, वळणं काढली आणि ट्रॅक केला. घरचे म्हणाले, त्यात तूर पेरली असती. ते म्हणाले, तूर बघायला सुरतेहून कोण येतं? आणि खरोखरच सुरतेहून, धुळ्याहून, नाशिकहून पोरं गाड्या घेऊन येऊ लागली. वर्षाला तीन शर्यती ठरल्या. एक दिवाळीनंतर, कापूस वेचून झाल्यावर, दुसरी होळीनंतर आणि तिसरी मे महिन्यात, पावसाच्या आधी. फाटकाजवळ निळी पाटी होती, तिच्यावर खडूने तारखा लिहिलेल्या असायच्या. तिसरी शर्यत झाली की आम्हा टायरांच्या दोऱ्या सोडायच्या, आम्हाला घरंगळत शेडखाली न्यायचं आणि पावसाळाभर तिथे कोरडं ठेवायचं, असा शिरस्ता होता.

आमचं काम काय, ते सांगतो. वळणावर आमचे थर रचून दोरीने बांधतात आणि लाल-पांढरे पट्टे देतात. भरधाव आलेला गडी वळणावर घसरला तर तो दगडावर न आदळता आमच्यावर आदळावा, एवढंच. शर्यतीत पहिला कोण आला ते मला कधीच दिसलं नाही. माझ्याकडे फक्त पडणारे यायचे.

त्यांतला एक करमसिंग. धडगावकडच्या डोंगरातला तरुण, उसन्या गाडीवर पळणारा. होळीनंतरच्या शर्यतीत त्याची गाडी तिसऱ्या वळणावर सुटली आणि तो थेट माझ्या छातीवर आला. मी त्याला घेतलं आणि मागे लोटलं. सगळे धावले. करमसिंग उठून बसला, हात हलवून पाहिले, पाय हलवून पाहिले आणि म्हणाला, “गाडी कुठे?” लोक हसले. काही जणांच्या डोळ्यांत पाणीही होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याची आई तुळशीबाई ट्रॅकवर आली. डोंगरातून जीपने आणि मग पायी. माझ्यापुढे बसली, मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मोहाच्या दारूचे चार थेंब मातीत सोडले. तिच्या गावात देवाला अशीच धार देतात. मग तिने माझ्यावर हात ठेवला. मित्रांनो, मिरचीच्या ट्रकवर मी लाखो किलोमीटर पळालो असेन, पण असा हात मला कुणी लावला नव्हता.

तेव्हापासून माझं नशीबच पालटलं. शर्यतीआधी गडी मला हात लावून कपाळाला लावू लागले. राखणदार पवन, म्हणजे रविनाचा नवरा, दर शनिवारी माझ्यापुढे उदबत्ती लावू लागला. उमाकांतभाऊ थट्टा करायचे, “हेल्मेट घाला म्हणून मी घसा फोडतो, आणि तुम्ही टायरच्या पाया पडता.” पण जाताना तेही हळूच एक बोट लावून जायचे. मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

यंदाच्या मे महिन्यात मात्र तारखेचं काहीतरी बिनसलं. आधी ऊन फार म्हणून शर्यत पुढे गेली. मग परवानगीचा कागद अडला. मग अवकाळी पावसाने ट्रॅकचं तळं केलं. पाटीवरची तारीख पवन पुसायचा आणि नवी लिहायचा. उमाकांतभाऊ फोनवर सांगायचे, “पुढच्या रविवारी धरून चाल. टायर सोडू नको. परत रचायला दोन दिवस जातील.” पवनने टायर सोडले नाहीत. मृग लागला, आर्द्रा लागल्या, आणि शर्यतीची वाट बघत आम्ही उघड्यावर भिजत राहिलो. प्रत्येकाच्या पोटात पाणी. टायरचा आकार असा की आत गेलेलं पाणी आपणहून बाहेर येत नाही. ऊन आतवर पोचत नाही, म्हणून ते आटतही नाही.

पवन-रविनाची मुलगी निशा अंगणवाडीत जायच्या वयाची. ट्रॅकवर दुसरं पोर नाही, म्हणून ती माझ्याशी खेळायची. एकदा तिला माझ्यातल्या पाण्यात बारीक काहीतरी वळवळताना दिसलं. डोकं खाली, शेपूट वर, मग एकदम गिरकी. तिला वाटलं, मासोळ्या. ती भाकरीचे कण आणून टाकायची आणि त्यांना नावं ठेवायची. बाप दिवसभराच्या मजुरीवरून आला की त्याचा हात धरून माझ्यापाशी आणायची. “बाबा, पाणी फेकू नको हां. मन्ह्या मासोळ्या मरतीन.”

पवन म्हणायचा, “नही फेकत, बेटा.”

दगूबाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा पवन घरी होता. या वेळी त्यांचा आवाज करडा होता.

“पवन, वाहिदले बोलाव. टायरसले खाले भोकं पाडी घे. एकेका टायरले चार पाडं की पाणी थांबत नही.”

“बाकीनासले पाडू, ताई. पन याले?” पवनने माझ्याकडे बोट केलं. “याले कुकू लायेल शे. देवना टायरले भोक पाडू का?”

“देवले डास चावत नहीत, भाऊ. तुन्ही पोरले चावतस.”

“रविवारनी शर्यत व्हऊ द्या. मंग सगळंच करू.”

दगूबाईंनी स्वतः वाकून दोन-तीन टायर तिरपे करायचा प्रयत्न केला. पण आम्ही घट्ट बांधलेले होतो. त्यांच्याने हललो नाही.

रविवार आला आणि गेला. शर्यत झालीच नाही. त्यानंतर एका सकाळी निशा माझ्याकडे आली नाही.

दारातून रविनाचा आवाज आला, “आंग कढई सारखं तापनं शे.” मग दिवसभर ओल्या फडक्याचं पिळणं, पाण्याचा आवाज, निशाचं कण्हणं. तिचे डोळे दुखत होते, पाय दुखत होते. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांची गोळी झाली. ताप थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. रविना दारात येऊन उभी राहायची आणि ट्रॅककडे नुसती बघायची. एकदा ती माझ्यापर्यंत आली, माझ्या पोटातल्या पाण्याकडे तिने पाहिलं आणि परत गेली.

मग एका दुपारी ताप गेला. अंग मोकळं झालं. रविनाने पवनला फोन करून सांगितलं, “उतरना बरं का. झोपनी शे आते.” तिच्या आवाजात किती दिवसांनी ऊब आली होती. तिने चहा ठेवला. नेमक्या त्याच वेळी दगूबाई दारात आल्या.

“बठा ताई. ताप उतरना.”

दगूबाई बसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी निशाचा हात हातात घेतला. “खाल्लं का काही तिनी?”

“नही. उलटी व्हयनी दोनदा. पोट दुखस म्हने.”

“लघवीले गई का?”

“सकायपासून नही.”

“ताप उतरना म्हंजे पोर बरी व्हयनी असं नही, रविना. तिन्हा हात पाह्य.”

रविनाने हात धरला. मग ती म्हणाली, “गार शेत.”

“चाल. चहा ऱ्हाऊ दे.”

दगूबाईंनी रस्त्यावर जाऊन एक पिकअप थांबवली. रविना निशाला पदरात गुंडाळून पळत गेली, तिच्या पायात चपलाही नव्हत्या. चूल तशीच जळत राहिली आणि हळूहळू विझली. मी त्या उघड्या दाराकडे बघत राहिलो. मित्रांनो, जो पळू शकतो त्याला वाट बघणं म्हणजे काय ते कळत नाही. मी एकेकाळी खूप पळालो होतो. त्या दिवशी मात्र मला एक बोटभरसुद्धा हलता येत नव्हतं.

नंदुरबारच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डेंग्यू निघाला. हे मला पवनच्या बोलण्यातून कळलं. तो कोंबड्यांना दाणे टाकायला आणि कपडे न्यायला एकटाच आला होता. फोनवर कुणाला तरी सांगत होता, “पेशी कमी व्हई ऱ्हायन्यात. सलाईन लायेल शे. डॉक्टर म्हनतस, आजना दिवस सांगता येत नही.” फोन ठेवून तो माझ्यापुढे आला. सवयीने त्याने खिशातून उदबत्ती काढली. पण लावली नाही. तसाच बसून राहिला.

जो डास निशाला चावला तो माझ्याच पोटात वाढला होता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण पाणी माझ्या पोटात होतं, आणि त्या पाण्यात अजूनही ती गिरकी चाललेली होती. नवी पिलं, रोज नवी.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. करमसिंग आला होता, मागे त्याची आई तुळशीबाई. म्हसावदच्या बाजाराला निघाले होते. शर्यतीची तारीख फोनवर कुणी सांगेना, म्हणून विचारायला वाट वाकडी करून आले.

“पवनदादा, पाटीवर काहीच नाही. शर्यत आहे की नाही?”

पवनने मान वर केली आणि सगळं सांगितलं. निशाचं, पाण्याचं, दगूबाईंचं. शेवटी म्हणाला, “ताईनी सांगंथं, भोकं पाड. पन तुन्ही मायनी याले धार देयेल शे. मन्हा हात उठना नही.”

तुळशीबाईला त्याची बोली पुरती कळत नव्हती. करमसिंगने तिला त्यांच्या पावरी बोलीत समजावलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता माझ्याजवळ आली. वाकून तिने माझ्या पोटातलं पाणी पाहिलं. मग पदराचं टोक त्याच पाण्यात भिजवून तिने माझ्यावरचं जुनं कुंकू पुसून काढलं. पुसताना ती काहीतरी बोलत होती. रागावून नाही, शेजारणीला समजावावं तशी.

करमसिंग म्हणाला, “आई म्हणते, मी धार टायरला दिली नाही. माझा पोरगा उठून बसला, म्हणून दिली. तुझी पोरगी उठून बसेल तेव्हा तू दे. आता याला भोक पाड.”

“आन काही वाईट व्हयनं त?”

करमसिंगने आईला विचारलं. तुळशीबाईने एक वाक्य बोलून तोंड फिरवलं.

“काय म्हनी?”

करमसिंग जरा अडखळला. “म्हणते, याच्यापेक्षा वाईट काय व्हायचं राहिलंय?”

पवनने वाहिदभाईंना फोन लावला. ते ड्रिल आणि लांब वायर घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी निशाचं विचारलं, आणि मग कामाला लागले. आमच्या दोऱ्या सोडल्या. सगळ्यात आधी त्यांनी मलाच आडवं पाडलं. ड्रिल माझ्या तळाशी टेकलं. जुनं रबर आहे, सहज जात नाही. जळका वास सुटला. एक भोक, दुसरं, तिसरं, चौथं. पवनने मला उभं केलं आणि माझ्या पोटातलं पाणी चार धारांनी उघडीप पडल्याने कोरड्या झालेल्या मातीवर सांडलं. पिलं थोडी वळवळली आणि थांबली. मला दुखलं का? खरं सांगू, मला हलकं वाटलं.

करमसिंग बाजाराला गेलाच नाही. तो आणि पवन एकेक टायर वाहिदभाईंपुढे लोळवत राहिले. तुळशीबाई कोंबड्या राखत बसली.

दोन दिवसांनी निशाने दवाखान्यात स्वतःहून पेज मागितली. आठवडा उलटल्यावर ती घरी आली, बापाच्या खांद्यावर, मान टाकलेली पण डोळे उघडे. तिला खाली उतरवताच ती हळूहळू चालत माझ्याकडे आली आणि आत शोधू लागली.

“मासोळ्या कथा गयात?”

रविना तिच्या मागेच होती. त्या दिवसांनंतर ती निशाच्या मागेच असते. ती खाली बसली आणि म्हणाली, “त्या मासोळ्या नव्हत्या, बेटा. त्या तुले चावनाऱ्या डासेसनी पिलं व्हती. माले दगूताईनी सांगेल व्हतं. मी ऐकं नही.”

निशाने माझ्या भोकात एक बोट घातलं. ते पलीकडून बाहेर आलं. तिला त्याचं इतकं हसू आलं की ती दमेपर्यंत प्रत्येक भोकात बोट घालत राहिली.

उमाकांतभाऊ आले ते दिवाळीनंतरच्या शर्यतीची तारीख घेऊन. पाटीपुढे उभे राहून पवनने ती लिहिली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, शेवटच्या शर्यतीच्या ठरल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी टायर शेडमध्ये, शर्यत होवो न होवो. उमाकांतभाऊंनी ती वाचली. त्यांनी पवनच्या हातून खडू घेतला. मला वाटलं, पुसतात की काय. त्यांनी ती ओळ गिरवून जाड केली आणि खडू परत दिला.

रविना आता पाऊस झाला की काठी घेऊन येते आणि आमच्या भोकांत अडकलेला गाळ काढते. दगूबाई वाटेने जाताना थांबून बघतात. रविना म्हणते, “झालं ताई, सगळे कोरडे.” दगूबाई तरी एकदा वाकून बघतातच.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण मित्रांनो, भोकं पाडून झाल्यावर वाहिदभाईंनी ढिगाकडे पाहून विचारलं होतं, “पवन, वरना थर कमी कसा काय दिसस?” तेव्हा पवनला आठवलं. जूनमध्ये वादळ होऊन वरच्या थराची दोरी तुटली होती, त्यानंतर नवापूरकडचा एक टेम्पोवाला दोन टायर मागून घेऊन गेला. त्याच्या गावात एक आजी आहे. घरात ती आणि तिची लहान नात, दोघीच. नातीचे आईबाप मजुरीला सुरतेकडे गेलेले. वाऱ्याने पत्रे उडतात, म्हणून छपरावर ठेवायला टायर हवे होते. गाव कोणतं, ते पवनने विचारलं नाही आणि टेम्पोवाला पुन्हा दिसला नाही.

पवन एका रविवारी चिंचपाड्यापर्यंत छपरं बघत गेला. ते बिनभोकाचे टायर सापडले नाहीत. रविना अजूनही मधूनच विचारते, “त्या मायले कोनी सांगं व्हई का?”

मला जाता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या गावात, तुमच्या वाटेवर, पत्र्याच्या छपरावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टायर दिसला तर नुसतं बघून पुढे जाऊ नका. दार वाजवा. आजी दारात आली की टायरचं लगेच काढू नका, ते नंतर उतरवता येतील. आधी विचारा, नात कुठे आहे. ताप येऊन गेला, आता बरी आहे, झोपली आहे, असं ती म्हणाली, तर तिची परवानगी घेऊन आत जा आणि त्या पोरीचा हात हातात घेऊन बघा.